रोज एक पान : दैनिक लेखनाचा संकल्प आणि तो पाळण्याची रीत

प्रास्ताविक

श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन ही मातृभाषेच्या अध्यापनाची चार अंगे होत. त्यांपैकी पहिल्या तीन अंगांकडे प्राथमिक शाळांतून बऱ्यापैकी लक्ष पुरविले जाते. चौथे अंग मात्र बहुधा अनुलेखन व श्रुतलेखन यांपाशीच थांबते. पाचव्या इयत्तेतील विद्यार्थी फळ्यावरील उतारा वळणदार अक्षरांत उतरवून घेतो. पण 'काल सायंकाळी तू काय पाहिलेस, ते पाच ओळींत लिही,' असे म्हटले की त्याची लेखणी अडते. तोच विद्यार्थी मधल्या सुटीत तीच हकिगत दहा मिनिटे रंगवून सांगत असतो. अर्थात उणीव अनुभवाची नाही, शब्दांचीही नाही. लिहिणे म्हणजे दुसऱ्याचे उतरविणे, अशी त्याची समजूत झालेली असते, आणि ती शाळेनेच करून दिलेली असते.

या उणिवेचे परिणाम शाळेपुरते राहत नाहीत. ज्याला स्वतःचे म्हणणे कागदावर मांडता येत नाही, त्याला मोठेपणी तलाठ्याकडील साधा अर्जही दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागतो, आणि त्या अर्जात आपले म्हणणे नेमके आले आहे की नाही, हेही त्याला दुसऱ्यालाच विचारावे लागते. साक्षर असूनही परावलंबी राहणे यापेक्षा शिक्षणाचे मोठे अपयश कोणते?

या उणिवेवर खर्चिक नसलेला, एकशिक्षकी वा द्विशिक्षकी शाळेतही करता येण्याजोगा एक उपाय आहे. तो म्हणजे दैनिक लेखनाचा संकल्प. त्याचे स्वरूप व तो टिकविण्याची रीत यांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

संकल्पाचे स्वरूप

रोज काही ना काही लिहावे, हा समर्थ रामदासांच्या नावे प्रचलित असलेला उपदेश शिक्षकांस परिचित आहे. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास तर लेखनक्रियेच्या निरूपणासाठीच योजिलेला आहे. उपदेश जुना आहे. अडचण आचरणाची आहे. ती दूर करण्याचा मार्ग म्हणजे संकल्प लहान ठेवणे.

प्रत्येक विद्यार्थ्याने शाळेच्या प्रत्येक दिवशी, ठरलेल्या वेळी, दहा मिनिटांत, स्वतःच्या मनाने पाच ओळी लिहाव्यात. एवढाच हा संकल्प होय. शिक्षण हक्क कायदा, २००९ अन्वये पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षात किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन अपेक्षित आहे. रोज एक पान धरले तर बाजारात मिळणारी दोनशे पानी एक वही वर्षाला नेमकी पुरते. रोजची १० मिनिटे म्हणजे वर्षाची २,००० मिनिटे, अर्थात सुमारे साडेतेहतीस तास होतात. ८०० तासांचा हा चोविसावा हिस्सा आहे. इतर विषयांवर अन्याय होईल अशी शंका घेण्याचे कारण नाही. उलट २०० दिवसांत विद्यार्थ्याच्या हातून स्वतःच्या १,००० ओळी लिहिल्या जातात. निबंधाच्या तासावर विसंबून एवढे लेखन होत नाही.

वेळ शक्यतो परिपाठानंतरची असावी. तेव्हा मुले ताजी असतात, आणि घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर पाहिलेले मनात असते. पहिली-दुसरीच्या मुलांनी चित्र काढून त्याखाली एक-दोन शब्द लिहावेत; किंवा मुलाने सांगावे व शिक्षकाने ते त्याच्याच शब्दांत त्याच्या वहीत लिहून द्यावे. आपले बोलणे अक्षररूपाने वहीत उतरू शकते, हे मुलास एकदा कळले की निम्मे काम झाले.

एका शिक्षकाचे दैनिक

साने गुरुजींनी 'श्यामची आई' हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिले, ही हकिगत सर्वत्र सांगितली जाते. ऐकणारा थक्क होतो आणि प्रतिभेला नमस्कार करून मोकळा होतो. शिक्षकाने मात्र येथे थांबू नये. त्या पाच दिवसांच्या मागे काय होते, हे पाहणे त्याच्या अधिक उपयोगाचे आहे.

गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. छात्रालयातील मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय दैनिक' नावाचे हस्तलिखित सुरू केले. १९२८ मध्ये 'विद्यार्थी' हे मासिक काढले. १९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले व तुरुंगात गेले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती गुरुजींनी ऐकता ऐकता लिहून घेतली, म्हणूनच 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज आपल्या हाती आहे. त्यानंतरच्या वर्षी 'श्यामची आई' आली.

हा क्रम ध्यानी घेतला म्हणजे पाच दिवसांचे नवल कमी होत नाही, पण त्याचा अर्थ कळतो. आठवण मनात आली की ती साध्या वाक्यात उतरावी, ही सवय हाताला आधीच जडलेली होती. ती सवय एखाद्या लेखकाच्या अभ्यासिकेत लागली नव्हती. दिवसभर वर्ग घेऊन छात्रालय सांभाळणाऱ्या एका शिक्षकाला ती लागली होती. 'आम्हांला वेळ कोठे आहे?' या प्रश्नाचे उत्तर यात आहे.

या उदाहरणातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. दैनिकाचे वाचक कोण होते? त्याच छात्रालयातील मुले. लिहिणाऱ्याला वाचणाऱ्यांचे चेहरे ठाऊक होते, आणि आजचे लिहिलेले वाचायला ती मुले समोरच होती. रोजचे लेखन प्रतिज्ञेने सुरू होते. पण ते टिकते वाचणारा असल्यामुळे. दैनिक लेखनाचे बहुतेक उपक्रम महिन्याभरात मंदावतात, त्याचे कारण मुलांचा आळस हे नव्हे. मूल लिहिते, वही गठ्ठ्यात जाते, तिच्यावर एक खूण होते, आणि लिहिलेले कोणीही वाचत नाही. ज्याचे बोलणे कोणी ऐकत नाही तो जसा बोलणे सोडतो, तसे ते मूल लिहिणे सोडते.

फ्रान्समधील खेड्यातील प्रयोग

याच तत्त्वाचा अनुभव फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने या ग्रामशिक्षकास आला. पहिल्या महायुद्धात फुप्फुसास जखम झाल्यामुळे त्यांना वर्गात फार वेळ मोठ्याने बोलणे जमत नसे. १९२० मध्ये ते दक्षिण फ्रान्समधील बार-स्युर-लू या डोंगराळ गावी शिक्षक झाले. त्यांनी मुलांना आपल्या पाहण्यातील, ऐकण्यातील गोष्टी मोकळेपणी लिहावयास लावल्या. पुढे एक लहानसे मुद्रणयंत्र वर्गात आणून मुलांचे निवडक लेखन मुलांकडूनच छापून घेतले. १९२६ च्या सुमारास त्यांच्या शाळेचा ब्रिटनी प्रांतातील समुद्रकाठच्या त्रेगँक येथील शाळेशी नियमित पत्रव्यवहार सुरू झाला. डोंगरातील मुलांनी आपल्या गावचे लिहावे, समुद्रकाठच्या मुलांनी आपले, असा तो क्रम होता. आपल्या रोजच्या गोष्टी दुसऱ्या कोणाला तरी नव्या वाटतात, हे कळताच त्या लिहिण्याजोग्या ठरतात.

आपल्या शाळांत मुद्रणयंत्र नाही, व त्याची आवश्यकताही नाही. भिंतीवरील फलक, पोस्टकार्ड आणि महिन्यातून एकदा शिक्षण परिषदेला भेटणारे दोन शिक्षक एवढ्या साधनांवर हे काम चालते.

शहागंज आणि वाडी : नमुना पाठ

छत्रपती संभाजीनगर शहरातील शहागंज भागातील एक शाळा व त्याच जिल्ह्यातील एखाद्या वाडीवरील शाळा यांनी असा पत्रव्यवहार सुरू केला आहे, असे समजू. शहागंज हे जुन्या शहरातील गजबजलेले ठिकाण. मध्ये निजामाच्या काळातील घड्याळाचा मनोरा, जवळच मोठी मशीद, भोवती फळे, भाजी, कापड व किरकोळ मालाची दुकाने आणि हातगाड्या. मराठी, उर्दू आणि हिंदी या तिन्ही भाषा येथे एकाच वेळी कानांवर पडतात. तेथे वाढणाऱ्या मुलास यात काही विशेष वाटत नाही. वाडीवरील मुलास आपल्या वावरात व विहिरीत काही विशेष वाटत नाही. म्हणून दोघांचेही पहिले लेखन सामान्यतः पुढीलप्रमाणे असते.

शहागंजचा विद्यार्थी लिहितो : 'आमच्याकडे बाजार आहे. तेथे खूप गर्दी असते. मला बाजार आवडतो.'

वाडीवरील विद्यार्थी लिहितो : 'मी सकाळी उठलो. शाळेत आलो. अभ्यास केला.'

या लेखनास 'नीरस' म्हणून शेरा देणे सोपे आहे. त्याने काहीही साधत नाही. शिक्षकाने ही पाने अदलाबदल करून वर्गात वाचून दाखवावीत आणि मुलांना प्रश्न काढावयास सांगावे. वाडीची मुले विचारतील : मनोऱ्यावरचे घड्याळ तुमच्या घरातून दिसते काय? न विकलेली फळे रात्री कोठे ठेवतात? रमजानच्या दिवसांत बाजार किती वाजेपर्यंत चालतो? शहागंजची मुले विचारतील : कापूस वेचताना बोटांना लागत नाही काय? विहिरीत पाणी किती उरले, ते तुम्हांला कसे समजते?

आता उत्तर लिहिणे भाग पडते, आणि उत्तरासाठी नीट पाहणे भाग पडते. वाडीवरील तोच विद्यार्थी आठवड्याने लिहील : 'आज आईला दोर जास्त सोडावा लागला. दोराची सहावी गाठ पण भिजली. काल पाचवीच भिजली होती. आई म्हणाली, आता धुणं एकाड एक दिवस. मी उद्या गाठ मोजणार आहे.'

शहागंजचा विद्यार्थी लिहील : 'आमच्या शेजारचे चाचा केळी विकतात. संध्याकाळी ते डाग पडलेली केळी वेगळी काढतात. ती निम्म्या भावात जातात. एकदम काळी झालेली बकरीला देतात. फेकत काहीच नाहीत.'

या दोन्ही उताऱ्यांत अवघड शब्द नाही, सुभाषित नाही. पण पाहणे आहे, तुलना आहे, कार्यकारणभाव आहे. पहिल्यात गणित व परिसर-अभ्यास आपसूक आला. दुसऱ्यात व्यवहार आला. मुलांची भाषा बदलली ती व्याकरणाच्या पाठाने नव्हे. कोणीतरी खरोखर जाणून घेऊ इच्छितो, या जाणिवेने ती बदलली.

उर्दू माध्यमाच्या शाळांत मराठी हा विषय शिकविला जातोच. अशा शाळेशी पत्रव्यवहार ठेवल्यास तेथील मुलांना मराठी लिहिण्यास खरे निमित्त मिळेल आणि वाडीच्या मुलांना शहरातील एक नवा स्नेही मिळेल. हा लाभ भाषेच्या लाभाहून लहान नाही.

चुका व तपासणी

दैनिक लेखनाविषयी शिक्षकांचा पहिला आक्षेप तपासणीच्या भाराचा असतो. तो योग्य आहे. तीस मुलांच्या तीस वह्या रोज सविस्तर तपासणे अशक्य आहे, आणि तसे करूही नये. रोज सहा वह्या घ्याव्यात. पाच दिवसांत तीस होतात. घेतलेली वही मात्र मनापासून वाचावी, आणि खाली शेऱ्याऐवजी वाचकाचे एक वाक्य लिहावे : 'सातवी गाठ भिजली की मला सांग.' बरोबरची खूण मूल पाहते व विसरते. असे वाक्य ते घरी दाखविते.

एका वेळी एकच चूक दुरुस्त करावी. पान लाल शाईने भरले की मूल पुढच्या वेळी फक्त बिनचूक येणारे शब्दच लिहिते, आणि लेखन पुन्हा 'मी उठलो, मी आलो' येथे परतते. ज्या चुका अनेक वह्यांत दिसतील त्यांची टिपणी ठेवून शनिवारी फळ्यावर सामुदायिक पाठ घ्यावा. ऱ्हस्वदीर्घ व विरामचिन्हे यांसाठी तो पुरेसा होतो.

घरच्या बोलीतील शब्द ही चूक नव्हे. 'का' या अर्थी 'कामून' लिहिणारे मूल, किंवा आईला 'याडी' लिहिणारे तांड्यावरचे मूल आपल्या खऱ्या शब्दानेच खरे लिहीत असते. तो शब्द खोडू नये; शेजारी प्रमाण शब्द लिहून द्यावा. मुलाजवळ एकाऐवजी दोन शब्द होतात. खोडल्यास मात्र एकही उरत नाही.

खंड पडल्यास

आजारपण, सण, लग्नसराई, शेतीची कामे या कारणांनी खंड पडणारच. त्याबाबत एकच नियम कटाक्षाने पाळावा : मागील पाने भरून काढू नयेत. न लिहिलेल्या दिवसाची तारीख घालून पान कोरे सोडावे व आजपासून पुढे चालावे. अधिकारी येणार म्हणून एका दिवसात पंधरा दिवसांचे 'दैनिक लेखन' करून घेतले, तर वही पूर्ण दिसते. पण लेखन हे दुसऱ्याला दाखविण्यासाठी करावयाचे सोंग आहे, हा धडा मूल त्या दिवशी पक्का शिकते. प्रामाणिक कोरे पान खोट्या भरलेल्या पानापेक्षा मोलाचे आहे. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनीही कोऱ्या पानांबद्दल जाब विचारू नये. भरलेल्या पानांपैकी एक वाचावे.

मराठवाड्यातील एका खंडाचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि अनेक मुले आईबापांबरोबर जातात. हंगामी वसतिगृहामुळे काही मुले गावी राहतात. सर्वच राहत नाहीत. जाणाऱ्या मुलाची वही शाळेच्या कपाटात ठेवून घेऊ नये. ती, एक पेन्सिल आणि शाळेचा पत्ता लिहिलेली काही पोस्टकार्डे त्याच्या पिशवीत घालावीत. त्याने फडावरून, कोपीवरून जमेल तेव्हा दोन ओळी लिहाव्यात. वर्गाने त्याचे कार्ड फलकावर लावावे व उत्तर धाडावे. मुक्कामाचा पत्ता बदलत असल्यास उत्तर त्याच्या घरातील वा टोळीतील कोणाच्या भ्रमणध्वनीवर वाचून दाखवावे. मार्च-एप्रिलमध्ये परतणारे मूल वर्गात परके होते, म्हणून शाळा सोडते. ज्याची कार्डे पाच महिने फलकावर होती, ते परके होत नाही. येथे दैनिक लेखनाचा संबंध केवळ भाषेशी राहत नाही. मूल शाळेत टिकण्याशी तो पोहोचतो.

विश्वास राखणे

मूल खरे लिहू लागले की एखाद्या दिवशी ते घरातील भांडण लिहील, उपाशी झोपल्याचे लिहील, मार खाल्ल्याचे लिहील. असे पान वर्गात वाचून दाखवू नये, शिक्षककक्षात चर्चेस घेऊ नये, फलकावर लावू नये. कोणतेही पान लेखकाच्या संमतीवाचून वाचले जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगावे व पाळावे. मुलाच्या जिवास वा आरोग्यास धोका दिसत असेल, तर मात्र मुख्याध्यापकांशी बोलून योग्य ती मदत मिळवावी. आणि तसे करीत असल्याचे मुलास विश्वासात घेऊन सांगावे. एकदा मोडलेला विश्वास वर्षभरात पुन्हा जोडला जात नाही.

शिक्षकाची वही

सर्वांत शेवटी, पण सर्वांत आवश्यक अशी अट : त्या दहा मिनिटांत शिक्षकाने स्वतः लिहावे. टाचण पुरे करण्यासाठी वा हजेरी मांडण्यासाठी ती वेळ वापरू नये. रशियातील यास्नाया पोल्याना येथे टॉलस्टॉय यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालविली. तेथे मुलांबरोबर बसून गोष्ट लिहिताना आलेल्या अनुभवावर त्यांनी १८६२ मध्ये एक निबंध लिहिला. लेखन मुलांनी आपल्याकडून शिकावे की आपण मुलांकडून, असा प्रश्न त्यांनी त्यात उपस्थित केला आहे. एवढ्या थोर लेखकास जो प्रश्न पडला, तो आपणांसही पडण्यास हरकत नाही.

शिक्षकाने फार मोठे लिहू नये. आज कोणत्या मुलाने काय विचारले, कोणते उदाहरण कोणास समजले नाही, कोण चार दिवस गप्प आहे, अशा पाच ओळी पुरेत. वर्षअखेर ही वही म्हणजे त्या शिक्षकाचा स्वतःचा अध्यापनग्रंथ होतो. शिवाय आठवड्यातून एकदा आपले पान मुलांना वाचून दाखवावे. गुरुजी किंवा बाईही लिहिताना अडतात, खोडतात, पुन्हा लिहितात, हे पाहिल्यावर मुलाचे भय जाते.

समारोप

दोनशे पानी वही, दहा मिनिटे, पाच ओळी आणि एक वाचक, एवढ्यावर हा संकल्प उभा आहे. यांतील पहिल्या तीन गोष्टी ठरवून मिळतात. चौथी शिक्षकाने स्वतः व्हावे लागते. येत्या महिन्यापासून प्रथम तीस शालेय दिवसांसाठी एकाच वर्गात आरंभ करावा; अनुभव पाहून पुढे वाढवावे. तिसाव्या दिवशी पहिले पान आणि तिसावे पान शेजारी ठेवून मुलासच वाचावयास सांगावे. आपली प्रगती त्यालाच सर्वांत आधी दिसेल.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील किती मुले फळ्याची मदत न घेता स्वतःची पाच वाक्ये लिहू शकतात? प्रत्यक्ष लिहावयास लावून मोजावे.

२. आपल्या शाळेच्या वेळापत्रकात दैनिक लेखनाची दहा मिनिटे कोठे बसतील? बहुवर्ग अध्यापन असल्यास कोणत्या वर्गापासून आरंभ करावा?

३. पत्रव्यवहारासाठी भिन्न परिसरातील कोणती शाळा निवडता येईल? तिच्यातील मुलांना आपली मुले कोणते पहिले प्रश्न विचारतील?

४. या वर्षी आपल्या गावातून स्थलांतर करणारी मुले कोण? त्यांच्या पिशवीत वही व कार्डे घालण्याची व्यवस्था कोण करील?

५. 'आज अभ्यास केला' एवढेच लिहिणाऱ्या मुलाच्या वहीत आपण वाचक म्हणून कोणते एक वाक्य लिहाल? प्रत्येक शिक्षकाने लिहून आणावे व परिषदेत वाचून दाखवावे.